कुणाचा कहक कुणाच्या घरी

लबीब मास्तरांच्या एका गालावरचा फेस उतरवून मी दुसऱ्या गालाला वस्तरा लावणार, एवढ्यात माझी बायको दुकानात शिरली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण इन्साफने माझ्या दुकानाची पायरी कधी चढली नव्हती. पुरुषाचं थोबाड घरात एक आहे तेवढं पुरे, असं ती म्हणते. त्या दिवशी रमजानचा शेवटचा उपास होता, ईद उद्यावर आलेली, बाकावर गिऱ्हाइकं ताटकळलेली, आणि ही बाई ओढणीखाली काहीतरी लपवून सरळ आरशासमोर येऊन उभी राहिली. ओढणीतून तिने रुमाल काढला आणि रुमालातून एक कहक, ईदला घरोघरी करतात तो सारण भरलेल्या बिस्किटासारखा गोड पदार्थ.

"हा आपला नाही," ती म्हणाली.

मी निरखून पाहिलं. गोल, एकसारखा, चिमट्याने काढलेली नक्षी जशी काही भरतकामाची, आणि कडेच्या फटीतून हिरवा पिस्ता डोकावतोय. आमच्या घरच्या कहकवरची नक्षी म्हणजे कोंबडी चिखलातून चालत गेल्यावर उमटते तशी. आणि पिस्ता आमच्याकडे लग्नातसुद्धा नव्हता. चव पाहिलीस का, असं मी विचारलं, तर तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला माझाच उपास आठवला. बाकावरच्या सगळ्यांचाही होता.

मग आम्ही लबीब मास्तरांकडे वळलो. मास्तर ख्रिस्ती. रमजानात आमच्यासमोर ते पाण्याचा घोटही घेत नाहीत, पण प्रसंग ओळखून तसेच अर्ध्या फेसानिशी उठले, कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून एक घास चावला आणि परत येऊन खुर्चीत बसले.

"हाज्जा फिक्रियाकडचा आहे," ते म्हणाले.

दुसऱ्या एखाद्या गावात अशा वेळी बाई डबा उचलते, चूक झाली म्हणते आणि ज्याचा माल त्याला देऊन येते. पण आमच्या कफ्र तूतमध्ये त्या दिवशी तसं करून चालणार नव्हतं, आणि त्याला कारण तफीदा.

तफीदाची भट्टी माझ्या दुकानासमोर आहे. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की त्याच्या डोक्यामागे माझ्या आरशात तिचं दार दिसतं. ईद जवळ आली की गावातल्या बायका घरी पीठ मळतात, कहक वळतात, पत्र्यावर मांडून तो पत्रा डोक्यावर घेतात आणि तिच्या दारात रांग लावतात. पत्र्यावर नाव घालायची पद्धत नाही. कोणी कोपऱ्यातल्या कहकमध्ये लवंग खोचतं, कोणी आगकाडी, कोणी वाळका वाल. तफीदाने एकदा पाहिलं की बस. लांब दांड्याच्या फळीने पत्रा आत जाणार, भाजून बाहेर येणार आणि ज्याचा त्याच्या डोक्यावर चढणार. नवरा गेल्यापासून ती एकटीने हे करत आली आहे, आणि कधी एका घरचा पत्रा दुसऱ्या घरी गेल्याचं कोणाला आठवत नाही.

जिभेचं मात्र विचारू नका. पत्रा फुकट भाजून घ्या, पण ती शेरा मारल्याशिवाय सोडायची नाही. कापसाच्या जिनिंगवाल्यांची, हज करून आलेली हाज्जा फिक्रिया म्हणजे गावातली सगळ्यात तालेवार बाई. तिला एकदा भर रांगेत म्हणाली, पिस्ता एवढा घातलास की कहक घालायचा राहून गेला. माझ्या इन्साफला तर दर वर्षी ठरलेलंच ऐकायला मिळतं, की बाई, हे ईदला वाटायचेत की कालव्याच्या पुलाला लावायचेत. इन्साफ घरी येऊन दोन दिवस धुसफुसते आणि पुढच्या वर्षी पुन्हा तसेच करते. तिच्या हाताला तो गुणच आहे, त्याला तिचा इलाज नाही.

त्या रमजानात मला आरशात काही गोष्टी दिसत होत्या. भिंतीला टेकवलेली फळी शोधायला तफीदा आधी भिंत चाचपायची. उपास सोडल्यावर चहा ओतायला घ्यायची तर धार पेल्याच्या बाजूला जायची. ओळखीच्या माणसाला ती पायांच्या आवाजावरून हाक मारायची आणि न बोलता जाणाऱ्याकडे नुसती पाहत राहायची. मी कोणाला सांगितलं नाही. आरशात दिसेल ते सगळं बोलणाऱ्या न्हाव्याकडे दाढीला कोण येईल?

पण तिच्या लेकीच्या नजरेतून सुटलं नव्हतं. करीमा शहरात, तांताला दिलेली आहे, नवरा सरळ, घर चौथ्या मजल्यावर. ईदच्या आठवडाभर आधीच ती येऊन बसली आणि आईच्या मागे लागली. एक दिवस आगीत पडशील, आता पुरे, माझ्याकडे चल. पोरगी चांगली आहे, बोलली ते मायेनेच बोलली. फक्त तिने ते रांग लागलेली असताना बोलायला नको होतं. तफीदाने फळी खाली ठेवली, भट्टीच्या तापलेल्या कपाळावर हात ठेवला आणि सगळ्या बायकांच्या देखत शपथ घेतली.

"ज्या दिवशी एका घरचा कहक दुसऱ्या घरात जाईल, त्या दिवशी मी हिला कुलूप लावीन आणि तुझ्यामागे येईन. तोवर या दारात मला म्हातारी म्हणायचं नाही."

करीमा बरं म्हणाली आणि ईद होईपर्यंत थांबायचं ठरवून पायरीवर बसली.

आता यात कोडं काही नाही, सगळं स्पष्टच आहे. लवंग आणि आगकाडी भाजून काळ्या झाल्या की अधू डोळ्यांना सारख्याच दिसतात. इन्साफने तोंड उघडलं की भट्टीला कुलूप. आणि भट्टीला कुलूप म्हणजे तफीदा तांताच्या चौथ्या मजल्यावर, परक्यांच्या दोरीवरचे कपडे बघत बसलेली. तिथे ती वर्षभरही टिकणार नाही हे मला कळत होतं, इन्साफला कळत होतं. ज्या बाईने जन्मभर तिच्या कहकला दगड म्हटलं, तिच्यासाठी माझी बायको डोळ्यांत पाणी आणून माझ्या दुकानात उभी होती.

डबे गुपचूप अदलाबदल करावे म्हटलं तर तेही शक्य नव्हतं. गावातल्या सगळ्या गल्ल्या तफीदाच्या पायरीवरून जातात, आणि ईदच्या आदल्या दिवशी डबा घेऊन उलट चाललेल्या बाईला तिने हटकलं नसतं तर सूर्य पश्चिमेला उगवला असता. शिवाय कोणाचं काय कोणाकडे गेलंय हे तरी कोणाला ठाऊक? बाकावर बसलेला खाटीक म्हणाला की आमच्याही डब्यात खजुराचे निघालेत, आम्ही तर तिळाचे केले होते. तेवढ्यात मशिदीत अजान देणाऱ्या मुअज्जिनचा भाऊ म्हणाला की मग तिळाचे आमच्याकडे आहेत.

तेव्हा असं ठरलं की काहीच झालेलं नाही. ज्याच्या डब्यात जे निघालं ते त्याचंच.

गावात बातमी पसरवायला न्हाव्यासारखा माणूस नाही, आणि बातमी दाबायलाही नाही. संध्याकाळच्या अजानपर्यंत जो जो खुर्चीत बसला त्याच्या गळ्याला वस्तरा टेकला की मी कानात सांगायचो, उद्या सगळ्यांकडचे कहक त्यांच्या त्यांच्या घरचे आहेत, समजलं ना? त्या अवस्थेत माणूस वाद घालत नाही. खाटकाने मात्र उत्साहाने मान हलवली, त्याची खूण त्याच्या हनुवटीखाली अजून आहे.

एकच पेच उरला, तो हाज्जा फिक्रियाचा. ईदच्या दिवशी तिच्या मुलीला पाहायला मन्सुऱ्याहून पाहुणे यायचे होते, आणि त्यांच्यासाठी केलेला पिस्त्याचा कहक आमच्या पलंगाखाली होता. तिच्याकडे काय गेलं असेल ते सांगायला नकोच. इन्साफ काळजावर दगड ठेवून तिच्या घरी गेली. मला वाटलं आता जिनिंगच्या भोंग्यासारखा आवाज सगळ्या गावाला ऐकू येणार.

पण भोंगा वाजला नाही, इन्साफच परत आली. हाज्जा उघड्या डब्यासमोर बसली होती म्हणे. आमचा एक कहक तिने हातात धरला होता आणि मेजावर आपटून पाहत होती. दारावर कोणी थाप मारावी तसा आवाज येत होता. इन्साफने सगळं सांगितलं. हाज्जाने हातातला कहक खाली ठेवला, आणि मग जे बोलली ते तिने आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.

"नवी नवरी होते मी. पहिल्याच ईदचा माझा कहक पार बिघडला होता, आणि सासू भट्टीच्या दारात उभी. तफीदाने माझा पत्रा आत घातला आणि बाहेर काढला तो स्वतःच्या घरचा. वर सगळ्यांसमोर मलाच झापलं, की एवढं तूप ओततात का गं, बापाकडे विहीर आहे का तुपाची? सासूला वाटलं, सून उधळी आहे पण हाताला चव आहे. तेवढ्यावर माझा संसार उभा राहिला. तिने आजपर्यंत कोणाकडे चकार शब्द काढलेला नाही."

हे ऐकून मला एक जुनी ईद आठवली. मी तापाने अंथरुणाला खिळलो होतो, दुकान बंद होतं, आणि इन्साफने कसाबसा अर्धा पत्रा भरून भट्टीवर नेला होता. परत आला तो भरलेला. पीठ फुगलं तुझं, असं तफीदा म्हणाली होती. कहकचं पीठ फुगून त्याचे दुप्पट कहक होत नाहीत हे आम्हा दोघांनाही त्या वेळी कळलं होतं, पण आम्ही ते एकमेकांना कधी बोललो नव्हतो. त्या संध्याकाळी बोललो. या बाईची जीभ तेवढी सगळ्या गावाने पाहिली, हात कोणी पाहिलाच नव्हता.

ईद उजाडली. नमाज झाली, गळाभेटी झाल्या, दरसाल सुखी राहा म्हणून झालं, आणि मग घरोघरी जाऊन कहक खायची वेळ आली. एवढी गंभीर ईद मी आयुष्यात पाहिली नाही. मुअज्जिनची बायको खाटकाच्या घरी बसून स्वतःच केलेला कहक खात होती आणि खाटकाच्या बायकोच्या हाताची तारीफ करत होती. खाटकाची बायको लाजत होती. जो तो दुसऱ्याच्या घरी जाऊन आपलीच चव शोधत होता, सापडली की डोळे मिटायचा आणि यजमानाला विचारायचा, तुम्ही यात काय घालता हो? आमच्या घरी तर रीघ लागली. पिस्त्याचा कहक खायला कोणाला नको होता? बाहेरगावच्या पाहुण्यांना काहीच माहीत नव्हतं, ते मनापासून वाहवा करत होते. इन्साफ सुरुवातीला तोंड लपवत होती. दुपार होईतो ती पाहुण्यांना सांगू लागली की पिस्ता फार बारीक करायचा नसतो. मी तिच्याकडे पाहिलं, तर तिने मलाच खूण केली की चहाचं बघ.

हाज्जाकडची हकीकत लबीब मास्तरांनी आणली. ते आले तेच गालाला रुमाल धरून. तिकडे त्यांनी शिष्टाचार म्हणून आमचा कहक चावला होता आणि मागच्या दाढेचा तुकडा पडला होता. पण पाहुणे खूश होते म्हणाले. हाज्जाने मान ताठ ठेवून सांगितलं की आमच्याकडे जुन्या रीतीचा करतात, चहात बुडवून खायचा. मुलाच्या आजोबांनी बुडवला, खाल्ला, आणि माझी आई असाच करायची म्हणून दुसरा मागितला. कोणाचं नशीब कशात असेल सांगता येत नाही.

मास्तर रुमाल सावरून बसताहेत, तोच दारात करीमा आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून तफीदा. नवा काळा झगा, डोक्याला पांढरा रुमाल. दर ईदला ती घरोघर फिरते आणि प्रत्येकाकडचा एक घास खाते. हे आमच्या कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. सगळ्या गावाला मी वस्तरा लावून गप्प केलं, पण तफीदाच्या जिभेला कोण गप्प करणार? डोळे अधू झाले तरी तिची जीभ शाबूत होती, आणि कोणाच्या घरची चव कशी ते तिच्याइतकं कोणाला माहीत होतं?

ती बसली. इन्साफने ताटली पुढे केली. तफीदाने कहक उचलला, नक्षीवरून अंगठा फिरवला आणि चावला.

ती चावायची थांबली. पिठीसाखर तिच्या हनुवटीला लागली होती. तिने तोंड वळवलं आणि जिथे इन्साफ उभी असेल असं तिला वाटलं तिकडे पाहिलं. इन्साफ त्या जागी नव्हती, थोडी अलीकडे होती. तफीदाच्या चेहऱ्यावर असं काही आलं की मला ते पाहवलं नाही. मी उगाच चहाचे पेले पुसायला घेतले.

"करीमा," ती हळू म्हणाली. "भट्टीची किल्ली आणलीस ना बरोबर?"

"आधी तोंडातला घास संपव," इन्साफ म्हणाली. माझी बायको त्या बाईशी अशा आवाजात कधी बोलली नव्हती. "माझ्या घरचा आहे तो. मी केलाय. दिवसभराच्या उपासावर, रात्री पाठ धरेपर्यंत वळलाय. इतकी वर्षं दगड दगड म्हणालीस, मी ऐकून घेतलं. आज ईदच्या दिवशी माझ्या घरात बसून मला खोटं पाडणार आहेस का?"

करीमाला संशय आला. ती एकदा आईकडे, एकदा इन्साफकडे पाहत राहिली आणि शेवटी मास्तरांकडे वळली. मास्तर खोटं बोलत नाहीत हे सगळ्या पंचक्रोशीला ठाऊक आहे. सख्ख्या पुतण्याला गणितात नापास केलेला माणूस आहे तो.

"मास्तर, तुम्ही सांगा. कोणाच्या घरचा कोणाकडे गेलाय का?"

मास्तरांनी गालावरचा रुमाल काढला. मला वाटलं संपलं सगळं. ते खाकरले.

"मी सकाळपासून घरोघरी कहक खातोय, बाळ," ते म्हणाले. "ज्या घरी खाल्ला, त्या घरच्या बाईने तो आपलाच असल्याचं मला सांगितलं. एकीनेही दुसरं काही सांगितलं नाही. आता माझी दाढ दुखतेय, मला जास्त बोलवत नाही."

असं म्हणून त्यांनी रुमाल पुन्हा लावला. त्यांनी जे सांगितलं त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

बाहेर पोरं फटाके उडवत होती. मग तफीदाने हातातला उरलेला कहक सावकाश खाल्ला, सगळा, बोटांची साखरसुद्धा चाटली. तिचे डोळे भरून आले होते आणि ते पुसायचं तिला सुचलं नाही.

"न्हाव्याचा धंदा बरा चाललेला दिसतोय," ती म्हणाली. "पिस्ता परवडायला लागला." मग पुढे म्हणाली, "हात सुधारला गं तुझा, इन्साफ."

करीमाने किल्लीचं विचारलं, तर म्हणाली, कशाला हवी, उद्या भाकऱ्या भाजायच्या नाहीत का?

ईदनंतर ती लेकीचं मन राखायला तांताला जाऊन आली. डॉक्टरांनी तपासलं, आहे तेवढं टिकवा म्हणाले, आणि जाड भिंगांचा चष्मा दिला. तो तिने भट्टीच्या कोनाड्यात ठेवून दिला, धुराने दोन दिवसांत काळा झाला. करीमा आता महिन्यातून दोनदा येते, ओरडते आणि दोन दिवस फळी धरून जाते. हाज्जाच्या मुलीचं मन्सुऱ्याला लग्न जमलं. त्या आजोबांच्या हट्टापायी हाज्जा फिक्रियाला लग्नासाठी माझ्या बायकोकडून कहक करून घ्यावे लागले, ही गोष्ट इन्साफ सांगायची थांबत नाही.

पुढच्या वर्षी रमजानच्या शेवटी पुन्हा रांग लागली. दुपारची वेळ, मी मास्तरांची दाढी करत होतो आणि आरशात भट्टीचं दार दिसत होतं. बायकांच्या डोक्यावरचे पत्रे या वेळी काही निराळेच दिसत होते. एकीच्या पत्र्याच्या काठाला तारेने मोठं बटण बांधलेलं. एकीच्या काठाला अक्रोड. हाज्जा फिक्रियाच्या पत्र्याला पडद्याची पितळी कडी. खाटकाच्या बायकोने तर शेळीच्या गळ्यातली घंटाच अडकवली होती, ती वाजत होती. तफीदाने विचारलं, की हे काय, पत्र्यांचं लग्न आहे का? रांगेतून कोणीतरी सांगितलं की नवी फॅशन आहे, कैरोत सगळे असंच करतात.

तफीदाने पहिला पत्रा घेतला, काठावरून बोटं फिरवली आणि नाव घेतलं. दुसरा घेतला, बोटं फिरवली, नाव घेतलं. एकही चुकलं नाही. रांगेतल्या बायका आपसात दुसरंच काही बोलत होत्या, कोणी तिच्या हाताकडे पाहत नव्हतं.

मग इन्साफची पाळी आली. तिच्या पत्र्याला माझा मोडका कंगवा बांधलेला होता, जो मी सकाळपासून शोधत होतो. तफीदाची बोटं कंगव्याच्या दातांवर आली आणि तिथे जरा थांबली. मग तिने मान वर केली, रांगेकडे तोंड केलं आणि मोठ्याने म्हणाली,

"सरका गं बायांनो, पुलाचे दगड आलेत."

मास्तर हसले म्हणून माझा हात हलला. आरशात पाहिलं तर इन्साफ दिवसभराच्या उपासाने सुकलेल्या तोंडाने हसत होती, आणि तफीदा फळीवर पत्रा ठेवून भट्टीत सरकवत होती.